हिराची सर्व्हिस

मंगळवार, ५ नोव्हेंबर २०२४

पाहुणे गेले, फराळाचे डबे तळाला गेले आणि दुपारी हिराचा फोन आला. "नूतन, टेबल आणलंय. ये."

"कसलं टेबल?"

"आपलं गं. एक्स्चेंजचं."

मी खुर्चीतच बसले. नारायणगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही दोघी पस्तीस वर्षं एकत्र होतो. हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडले, मग ते बोर्ड गेलं, कॉम्प्युटर आला, आणि शेवटी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी घरी आलो. मागच्या खोलीत टेबल टेनिसचं टेबल होतं. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा संपवायचा, पदर खोचायचा आणि खेळायचं. ते टेबल कुणीतरी नेलं होतं. चार वर्षं त्याच्यावर कांद्याचं बी वाळत होतं म्हणे. हिराच्या मालकांना, जालिंदर दाजींना, पत्ता लागला आणि त्यांनी ते पिकअपमध्ये घालून कळंबला आणलं.

सून स्नेहल म्हणाली, "आई, फेब्रुवारीत पुण्यात साठ वर्षांवरच्या बायकांची स्पर्धा आहे, नाव देऊ?" विचारता विचारता तिने मोबाइलवर फॉर्म भरलाही. ही वही पण तिनेच दिली. सराव लिहून ठेवा म्हणाली.

लिहायचंच तर खरं लिहिते. पस्तीस वर्षांत हिराची ती एक सर्व्हिस मला धड परतवता आली नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

पिंपळवंडीहून नारायणगाव, तिथून दुसऱ्या एसटीने कळंब. हिराच्या सासऱ्यांच्या वेळी मेंढरं कोंडायची त्या शेडमध्ये टेबल मांडलंय. हिरवा रंग विटलाय, एका कोपऱ्यावर चहाच्या कपांच्या खुणा आहेत. त्या आमच्याच. हात फिरवला तर मला त्या खोलीतला वास आला. जुनी वायर, डब्यातली मेथीची भाजी, आणि सावळेराम लाइनमनचा तंबाखू.

हिराला मात्र टेबलाचं काही वाटत नसावं. मी तिला मिठी मारली तर नुसती उभी राहिली. हसलीसुद्धा नाही. चहा दाजींनी केला. दाजींनी! आणि कप अर्धाच भरून तिच्यापुढे ठेवला. पूर्वी हीच बाई बशीत सांडेपर्यंत चहा ओतायची.

खेळ सुरू झाला. पुढ्यात येऊन, कमरेत वाकून, मनगटाला एक हिसका. तोच हिसका. चेंडू नेटजवळ दोनदा टप टप करतो. कधी त्याला अशी उलटी गिरकी असते की बॅट लावली की सरळ नेटमध्ये. कधी अगदी तसाच हात फिरतो, पण गिरकी नसतेच. तेव्हा जपून उचलावा तर चेंडू टेबलाबाहेर. हात एक, चेंडू दोन. पूर्वी ती डावा हात आडवा धरून चेंडू झाकायची. आता नियमाने तसं चालत नाही. आता उघड्यावर टाकते, तरीही कळत नाही.

दहापैकी दोन परतवल्या.

बारा वाजले तशी तिने बॅट ठेवली. "बास आता." मी एवढ्या लांबून आलेय, आणखी अर्धा तास खेळू म्हटलं तर म्हणते, "मंगळवार, गुरुवार, शनिवार. अकरा ते बारा. जमत आसंल तर ये." जणू साहेबच.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

दहापैकी तीन. स्नेहलने मोबाइलवर एका परदेशी मास्तरांचे व्हिडिओ लावून दिले. गुडघे वाकव, बॅट सैल धर, समोरच्याच्या हाताकडे बघू नको, बॅट चेंडूला लागते त्या क्षणाकडे बघ. आमच्या ह्यांनी आत डोकावून विचारलं, "परीक्षा हाय का काय?"

गुरुवार, २१ नोव्हेंबर

काल मतदान झालं, बोटाची शाई घेऊन गेले. दहापैकी चार, कधी पाच.

हिरा अजून हसत नाही. बोलते तेही इतकं हळू की दोनदा विचारावं लागतं. चेहरा कोरा. मी जुन्या गमती सांगितल्या. मुंबईचा कॉल लावून दिल्यावर तासभर नुसता रडणारा द्राक्षवाला सांगितला, आमच्या दोघींच्या साड्या एकसारख्या निघाल्या तो दिवस सांगितला. "व्हय," म्हणाली. एवढंच.

मला वाटतं मला कारण माहीत आहे. लिहून टाकते. १९९२ साली खात्याच्या जिल्हा स्पर्धेत फायनलला आम्हीच दोघी होतो. एकोणीस-एकोणीस झाले आणि तिने लागोपाठ दोन वेळा तीच सर्व्हिस टाकली. मी हरले. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता आणि मी मोठ्याने म्हणाले, "हा काय खेळ हाय? ही धनगराची गोफण हाय."

लोक हसले. तेव्हापासून त्या सर्व्हिसचं नावच गोफण पडलं. हिराही हसली होती. तिचे वडील खरंच गोफणीने मेंढरं वळवायचे, तीही लहानपणी शिकलेली, मनगट तिथूनच आलेलं. पण मी ते कौतुकाने म्हटलं नव्हतं. तिला खाली दाखवायला म्हटलं होतं. मला माहीत होतं आणि मला वाटतं तिलाही माहीत होतं. नंतर कधी विषय निघाला नाही. बत्तीस वर्षांनी आता, घरी बसून, आठवत असेल का तिला?

शनिवार, ७ डिसेंबर

आज चंपाषष्ठी. हिराकडे खंडोबाची तळी भरली, म्हणून खेळ नव्हता पण जेवायला बोलावलं होतं. वांग्याचं भरीत, रोडगा, पातीचा कांदा. भंडाऱ्याने सगळ्यांची कपाळं पिवळी. हिरा शेजारी बसली पण माझ्याबरोबर जेवली नाही, "मागनं जेवंन" म्हणाली. पंगतीत सगळ्यांना वाढणारी बाई ती. आज वाढणंही जावेने केलं. निवृत्तीनंतर माणसं ऐटीत राहतात हे ऐकून होते.

निघताना दाजी रस्त्यापर्यंत आले. "नूतनताई, येत राव्हा. खाडा करू नका."

मंगळवार, १७ डिसेंबर

दहापैकी सात! सकाळी थंडीत नाकातून पाणी येत होतं, पण गुडघे वाकतायत. आता मला चेंडूवरचा शिक्का दिसतो. शिक्का दिसला म्हणजे गिरकी नाही. पुसट झाला म्हणजे आहे. साठीनंतर डोळे सुधारतात म्हणायचे.

हिरा म्हणाली, "लई चांगली परतावतीस आता." तोंडावर काहीच नाही. हरल्याचा राग आला असणार.

शनिवार, २८ डिसेंबर

दहापैकी नऊ. एक सुटली ती नेटला लागून.

गाडीत बसल्यावर वाटलं कुणाला तरी सांगावं. शेजारी कोबीचं गाठोडं घेतलेली आजी होती, तिला सांगितलं. "बरं झालं बाई," म्हणाली ती. १९९२ला असं परतवलं असतं तर ते वाक्यही तोंडातून निघालं नसतं. घरी आल्यावर ह्यांच्यासाठी शिरा केला. कशाबद्दल म्हणून त्यांनी विचारलं नाही, दोन वेळा घेतला.

तिला म्हटलं, तूही पुण्याला चल, नाव देऊ. "माझं काय. म्हसरं कोण बघंल?" दाजींकडे तीनच म्हशी आहेत, आणि धार तर तेच काढतात.

गुरुवार, २ जानेवारी २०२५

आज लवकरची एसटी मिळाली म्हणून दहालाच पोचले. शेडच्या दाराशी थांबले.

हिरा आत खुर्चीवर बसली होती. दाजी तिच्यापुढे उकिडवे बसून तिच्या ब्लाउजचे हूक लावत होते. उजवा हात तिच्या मांडीवर होता आणि तो आपला आपण हलत होता. अंगठा नि पहिलं बोट, जपमाळ ओढावी तसं. दाजींनी हूक लावले, मग केस विंचरले, वेणी घातली. कुणीही घाईत नव्हतं. रोजचंच असावं.

मी मागच्या मागे निघाले, फाट्यापर्यंत चालत गेले आणि अकराला परत आले. खेळले. किती परतवल्या ते मोजलं नाही.

जाताना दाजी फाट्यापर्यंत आले. मी विचारलं. ते उसाकडे बघत बोलले.

"कंपवात हाय. तीन वर्सं झाली. डाक्टर म्हनला, हातापायाला काम द्या, खेळ आसंल तर खेळवा. तवा मी टेबल हुडकलं. तिला म्हनलं, कुनासंगं खेळशील? तर नूतनला बोलावते म्हनली. दुसरं कुनी नको."

"मला सांगितलं का न्हाई, दाजी?"

"तिनं शपथ घातली. गोळी घेतली की तासाभरानं हात सुटतो, तास-दीड तास बरा ऱ्हातो, मग पुन्हा बांधल्यावानी व्हतो. तुमच्या दिवशी ती दहालाच गोळी घेती. तुमच्यासाठी. बाकीच्या दिवशी इतकी टायमावर घेत न्हाई, मलाच मागं लागावं लागतं."

"आन् हसत का न्हाई ती?"

"चेहऱ्याच्या शिरा आखडत्यात म्हन्त्यात ह्याच्यात. आतून हसती ती. तुमी गेल्यावर मला सगळं सांगती. तो द्राक्षवाला रडायचा म्हनं?"

नारायणगावला उतरायचं विसरले. गाडी पुढे निघाली तेव्हा कळलं.

मंगळवार, ७ जानेवारी

नऊ परतवल्या, सात परतवल्या, असं मी दोन महिने लिहीत होते. मागची पानं वाचली. अर्धा कप चहा. मागनं जेवंन. साहेबच जणू. वाचवत नाही. ती दुबळी होत होती आणि मी तेवढ्याने पुढे सरकत होते, आणि शिरा करत होते.

आज मी ठरवून सर्व्हिस सोडल्या. बॅट थोडी उशिरा नेली, चेंडू नेटमध्ये घातला, "अगं बाई, गेली!" म्हटलं. चार वेळा. पाचव्या वेळी हिराने चेंडू टाकलाच नाही. हातात धरून उभी राहिली.

"जालिंदरनं सांगितलं?"

मी बॅट पुसायला लागले.

"पस्तीस वर्सं तू माझ्याशी जीव तोडून खेळली. येक पॉइंट कधी सोडला न्हाईस. म्हनून तुला बोलावली मी." तिचा आवाज हळूच होता, पण एकेक शब्द ऐकू आला. "दया करनारी मानसं घरात हायत मला. गल्लीत हायत. तू जा घरी."

तिने बॅट टेबलावर ठेवली. ठेवताना ती टेबलावर खडखडत राहिली, कारण हात सुटत नव्हता.

शनिवार, ११ जानेवारी

गेले नाही. फोनही केला नाही. हे म्हणाले, "भांडलात का?" मी म्हटलं, "मी चुकले." लग्नाला सदतीस वर्षं झाली, हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं असेल. तोंडाकडे बघत राहिले.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळाचा डबा घेऊन अकराला दारात उभी राहिले. हिरा टेबलाशी होती, एकटीच. पलीकडे कुणी नाही, तरी सर्व्हिस टाकत होती. चेंडू भिंतीला लागून खाली गडगडत होते.

मी तिळगूळ दिला नाही. आधी बोलले. "हिरा, ब्याण्णव साली मी हॉलमध्ये जे बोलले, ते मुद्दाम बोलले होते. तुला लागावं म्हणून. आन् परवा जे केलं तेबी मुद्दामच. दोन्हीबद्दल बोलायला आले."

ती खाली बसली. "लागलं व्हतं," म्हणाली. "लई लागलं व्हतं. घरी येऊन बाला सांगितलं. तर बा म्हनला, येडे, गोफणीला काय कमी समजती का? शंभर मेंढरं येका दगडात वळत्यात." मग, "तवापासून मला त्ये नाव आवडायला लागलं. पर तू बोललीस त्ये आवडलं न्हाई. ती येगळी गोष्ट."

"व्हय."

"तिळगूळ काढ आता."

खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "हात हाय तवर तुला शिकवते. ती सर्व्हिस. पुन्याला माझी सर्व्हिस घेऊन जा. नुसती परतावून काय व्हतंय?"

पस्तीस वर्षांत तिने ती कुणाला शिकवली नव्हती. सावळेरामने किती विनवण्या केल्या होत्या.

गुरुवार, २३ जानेवारी

येत नाही. मनगटात सगळं आहे आणि माझं मनगट लाकूड आहे. ती माझा हात धरून फिरवते. तिचा हात थरथरतो, माझा ताठलेला, दोघी मिळून एक चेंडू टाकतो. आज तिने शेवटी दाजींना जुनी गोफण काढायला लावली आणि मला शेतात नेलं. "दगूड लांब टाकायचा इचार करू नको. सोडायचा कवा, तेवढंच बघ." एकतिसावा दगड बरा गेला. बाकीचे कुठे गेले ते विचारू नये. एक दाजींच्या पाण्याच्या टाकीला लागला.

शनिवार, १ फेब्रुवारी

गणेश जयंती, ओझरला ही गर्दी, एसटी मुंगीच्या पावलाने. उशीर झाला, बारा वाजत आले. हिराची गोळी उतरत चालली होती. टेबलाला टेकून उभी होती, तरी थांबली होती. आज मी एक टाकली आणि चेंडू नेटपलीकडे जाऊन मागे वळला. चक्क माघारी आला. ती म्हणाली, "आली."

मी रडले. तिने पदर पुढे केला, पण तो माझ्या तोंडापर्यंत नेता आला नाही, मग मीच वाकले.

रविवार, ९ फेब्रुवारी

पुणे. मोठा हॉल, निळी टेबलं, सगळ्या बायका ट्रॅक पँटमध्ये. मीही स्नेहलची घातली. चेंडू आता प्लास्टिकचा, थोडा मोठा, एकवीसऐवजी अकरालाच गेम संपतो. सुरू झालं म्हणेपर्यंत संपलेलं असतं.

पहिली मॅच जिंकले. हिराची सर्व्हिस सहा वेळा टाकली, चार पॉइंट आले. समोरच्या बाई, बँकेतून निवृत्त झालेल्या, नंतर जवळ आल्या आणि म्हणाल्या, "ही कुठे शिकलात हो?" मी म्हटलं, "कळंबला." त्यांना वाटलं कुठला तरी क्लब असेल.

दुसरी मॅच सरळ हरले. ती बाई माझ्यापेक्षा चांगली होती, दुसरं काही कारण नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मधल्या आठवड्यात हिराला ताप होता, म्हणून आज गेले. बारीक झालीय. औषधाचं प्रमाण वाढवलंय, आणि डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय की पुढे पुढे तासाचा अर्धा तास होईल. हे तिनेच सांगितलं, म्हशीला किती दूध आहे ते सांगावं तसं.

पुण्याची मॅच तिने चेंडू-चेंडूने ऐकली. बँकेतल्या बाईंचं दोनदा सांगायला लावलं. मग उठली, बॅट घेतली आणि टेबलाच्या या बाजूला, माझ्या बाजूला आली.

"तू तिकडं जा," म्हणाली. "मला टाक."

"काय?"

"माझी सर्व्हिस. मी ती कधी पाह्यलीच न्हाई गं. टाकनाऱ्याला काय दिसतंय? तुमी सगळी ह्या बाजूनं बघत व्हता. मला येकदा बघू दे, समोरून कशी येती."

मी पलीकडे गेले. माझ्या जन्मात त्या बाजूला उभी राहून तिच्याकडे मी असं पाहिलं नव्हतं. पदर खोचलेला, गुडघे जेमतेम वाकलेले, बॅटचं टोक हलतंय. डोळे चेंडूवर. तिच्यापुढे उभं राहून मी पस्तीस वर्षं असंच बघत असणार.

वाटलं, हळू टाकावी. क्षणभरच वाटलं. मग मनगट सोडलं.

चेंडू तिच्याकडे गेला, दुसऱ्या टप्प्यावर घसरला. तिने बॅट लावली, सरळ नेटमध्ये.

"पुन्हा."

दुसरी गिरकीशिवाय. तिने जपून उचलली, चेंडू पत्र्याला लागला. दाजी म्हशीची बादली घेऊन दारात आले आणि तिथेच थांबले.

"पुन्हा."

सात टाकल्या. सातही गेल्या. सातव्या वेळी ती टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून खाली वाकली आणि तिच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं रडतेय. मी धावत पलीकडे गेले. चेहरा तसाच कोरा होता, पण खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हसत होती ती. तीन-साडेतीन महिने ज्याची वाट बघितली ते हसणं असं आलं, सगळ्या अंगातून, तोंड सोडून.

"अगं," तिला बोलताच येईना. "अगं नूतन, कसली इब्लिस हाय ही! हिला तू तोंड देत व्हतीस व्हय इतकी वर्सं?"

"देत कुठं होते? हरत होते."

"जालिंदर," तिने दारात बघून हाक मारली, आणि आवाज एक्स्चेंजमधल्यासारखा खणखणीत निघाला, "म्हशीचं राव्हू द्या. हिकडं या. मला मागनं धरा जरा, पाय डगमगत्यात. आन् नूतन, तू जा तिकडं. आठवी टाक. सोपी टाकलीस तर बघ."